पूल ओलांडला की अलाबामा

चाटाहूची नदीच्या पूर्वेला जॉर्जिया, पश्चिमेला अलाबामा. दोन राज्यांमध्ये नदी असली की हद्द पाण्याच्या मधोमध असेल असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही. १८५१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही हद्द पश्चिमेच्या काठावर नेऊन ठेवली. म्हणजे पाणी सगळं जॉर्जियाचं, आणि पूल उतरून काठावर पाय ठेवला की अलाबामा. हा तपशील कोर्टकचेरीतला वाटेल, पण पुढचं सगळं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे.

पूर्वेच्या काठावर कोलंबस, कापडगिरण्यांचं शहर, १९४० साली वस्ती सुमारे ५३ हजार. समोरच्या काठावर फिनिक्स सिटी, वस्ती सुमारे १५ हजार. कोलंबसच्या दक्षिणेला फोर्ट बेनिंग, अमेरिकी पायदळाचं माहेरघर. १९१८ साली उभी राहिलेली ही छावणी दुसऱ्या महायुद्धात इतकी फुगली की तिथे अधिकारी सोडून सुमारे ९५ हजार जवानांची राहण्याची सोय होती. छावणी पूर्ण भरली तर कोलंबस आणि फिनिक्स सिटी एकत्र केली तरी तिच्यापेक्षा लहान. त्यात बहुतेक विशीतली पोरं, घरापासून लांब, आठवडाभर चिखलात लोळलेली. शनिवारी दुपारी हातात पास पडला की जायचं कुठे?

ती पोरं पूल ओलांडायची. फिनिक्स सिटीचा चौदावा रस्ता आणि डिलिंगहॅम रस्ता हे दोन्ही थेट पुलाच्या तोंडाशी सुरू होत, आणि तिथूनच दारूचे अड्डे, जुगारखाने, नाचाचे क्लब, गहाणवटीची दुकानं, वेश्यागृहं यांची रांग लागे. राज्याच्या कायद्यानुसार जुगार अलाबामातही बेकायदाच होता. तरी तो उघड, दिवे लावून, पोलिसांच्या डोळ्यांदेखत चाले.

या गावाबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली, तेव्हाचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी त्याला देशातलं सगळ्यात पापी गाव म्हटलं. दुसरी, बेनिंगमध्ये चिलखती डिव्हिजन घडवणारा जॉर्ज पॅटन एकदा इतका भडकला की रणगाडे पलीकडे नेऊन हे गाव सपाट करीन म्हणाला. दुसरी गोष्ट मला पॅटनच्या स्वभावाला शोभणारी म्हणून आवडते, आणि नेमकी म्हणूनच तिच्यावर फार भार टाकावासा वाटत नाही. पण खरी असो वा रचलेली, तिच्यातली अडचण खरी आहे. जगातल्या एका बलाढ्य सैन्याचा सेनानी आणि पलीकडचं पंधरा हजार वस्तीचं गाव, मध्ये एक पूल, आणि सेनानीच्या हाती दमदाटीपलीकडे काही नाही. हे असं का, हाच या प्रकरणाचा गाभा.

आधी पैशाचं बघू. १९४० मध्ये भरती झालेल्या नव्या जवानाला महिन्याला २१ डॉलर मिळत. जून १९४२ मध्ये पगार ५० डॉलर झाला. त्यातून विम्याचा हप्ता जाई, लग्न झालेलं असेल तर घरी पाठवायची रक्कम जाई. पण खाणं, कपडे, बिछाना, औषधपाणी सरकारचं. म्हणजे जे उरे ते निव्वळ खर्चायला. छावणी भरलेली धरली आणि प्रत्येकाला नुसते ५० डॉलर धरले तरी महिन्याला ४७ लाख डॉलरच्या वर रक्कम एकाच दिवशी वाटली जात होती. त्यातही पॅराशूटवाले तर सोन्याची कोंबडी. अमेरिकेची पहिली पॅराशूट तुकडी १९४० साली बेनिंगमध्येच तयार झाली. पुढे तिथे चार आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला, शेवटच्या आठवड्यात विमानातून पाच उड्या मारल्या की छातीवर पंख लागत. उडीचा भत्ता महिना ५० डॉलर वेगळा. दुप्पट पगार, नवे कोरे उंच बूट, आणि पाच वेळा मरणाच्या दारातून परत आल्याची झिंग. असं गिऱ्हाईक कुठल्या धंदेवाल्याला नको असेल?

आता गावाकडून बघू. मंदीच्या वर्षांत फिनिक्स सिटीची नगरपालिका दिवाळखोर झाली होती. गावात सांगण्यासारखा उद्योग नाही, लोक पुलापलीकडच्या गिरण्यांत कामाला जात. अशा वेळी गावाने जुगाराकडे उत्पन्नाचं साधन म्हणून पाहिलं. अड्ड्यांकडून परवान्याच्या नावाने फी घ्यायची, अधूनमधून खटले भरून दंड वसूल करायचा, आणि दंड भरला की संध्याकाळी दुकान पुन्हा उघडायचं. दंड हा दंड राहिला नाही, तो कर झाला. वरचा हप्ता वेगळा, तो पोलिसांच्या आणि पुढाऱ्यांच्या खिशात. गावातली साधी माणसंही यात होतीच. तिथे ‘बग’ नावाची आकड्यांची लॉटरी चाले. ज्यांनी मटका पाहिला आहे त्यांना समजावून सांगायला नको: दोन-चार पैशांचा आकडा, घरोघरी फिरणारा माणूस, आणि रोज संध्याकाळी लागणारी आशा. १९३८ मध्ये लॉटरीच्या सोडतीसाठी रिट्झ कॅफेच्या इमारतीत इतकी गर्दी झाली की इमारतच कोसळली, वीसहून अधिक माणसं मेली. लॉटरी त्यानंतरही चालूच राहिली.

म्हणजे युद्ध आलं तेव्हा यंत्र आधीच बसवलेलं होतं. छावणीने त्यात फक्त कोळसा ओतला.

जवान लुटला कसा जाई ते जरा सावकाश सांगायला हवं, कारण ‘पोरं बिघडली’ या एका वाक्यात लोक ते गुंडाळून टाकतात. जुगारात मुळातच खेळवणाऱ्याची बाजू वरचढ असते. फिनिक्स सिटीत तेवढ्यावरही समाधान नव्हतं. फासे शिसं भरून जड केलेले, पत्त्यांच्या पाठीवर खुणा, नाण्याच्या यंत्रांची चाकं मालकाला हवी तशी बसवलेली. टेबलाशी येऊन बसणारी मुलगी पगारावर नसे, तिची कमाई जवान तिला किती ग्लास पाजतो त्याच्या टक्केवारीवर, आणि तिच्या ग्लासात बऱ्याचदा दारूऐवजी रंगीत पाणी. पैसे संपले की दोन दारं टाकून गहाणवटीचं दुकान. घड्याळ, अंगठी, घरून आलेला कॅमेरा तिथे जाई. तेही संपलं आणि जवानाने आवाज चढवला तर दाराशी उभा असलेला पहिलवान त्याला रस्त्यावर काढी. रस्त्यावर पोलीस असे. तो पोलीस दारू पिऊन दंगा केला म्हणून जवानालाच कोठडीत घाली, आणि सकाळी दंड. त्या एका रात्रीत त्याच्या पगाराने जुगारखाना, बार, सावकार आणि नगरपालिका चौघांना पोसलेलं असे.

तो तक्रार का करत नव्हता? कारण तक्रार कुणाकडे करणार? मनाई असलेल्या जागी गेलो होतो हे वरिष्ठांना सांगणं म्हणजे पुढचा पास स्वतःच्या हाताने फाडणं. अलाबामाच्या कोर्टात साक्ष द्यायची तर तारीख लागेपर्यंत तो उत्तर आफ्रिकेत किंवा इटलीत पोचलेला. त्याला तिथे मत नाही, घर नाही, ओळख नाही. आणि तो गेला की चार आठवड्यांनी दुसरी तुकडी हजर, तितकीच कोरी. एरवी धंद्यात गिऱ्हाइकाला फसवलं तर तो परत येत नाही, हा एक तरी धाक असतो. इथे तो धाकच नव्हता, कारण परत न येणं हे गिऱ्हाइकाच्या नोकरीतच लिहिलेलं होतं. मला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं, नीतीबिती नंतर.

सगळेच क्लब राक्षसांचे होते असंही नाही. चौदाव्या रस्त्यावरची एक क्लबवाली, जिला जवान ‘मा बीची’ म्हणत, ती झिंगलेल्या पोराला टॅक्सीत घालून छावणीत परत पाठवायची असं सांगतात. लांबच्या खेड्यातून आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला रात्री दोन वाजता कुणीतरी ‘बाळा, पुरे आता’ म्हणणं ही गोष्ट लहान नाही. त्याच क्लबात त्याचे खिसेही हलके होत होते, ही गोष्टही खरी.

आणि ही रात्र सगळ्यांची नव्हती. अमेरिकी सैन्य तेव्हा वर्णभेदावर विभागलेलं होतं, आणि नदीचे दोन्ही काठ दक्षिणेतले. काळ्या जवानाला पास मिळाला तरी शहराच्या ठरावीक भागापलीकडे जाणं म्हणजे मारहाणीला आमंत्रण. बसमध्ये मागची जागा, मनोरंजन केंद्रं वेगळी, बहुतेक ठिकाणी तीही नाहीत. १९४४ पर्यंत बेनिंगमधूनच ५५५ वी पॅराशूट तुकडी तयार होऊन बाहेर पडली, सगळे जवान काळे, उडीच्या सरावाच्या त्याच मनोऱ्यांवर तीच कसरत केलेले. त्यांच्या छातीवरचे पंख चौदाव्या रस्त्यावर चालत नव्हते. त्याआधी, १९४१ च्या मार्चमध्ये, फेलिक्स हॉल या काळ्या जवानाचा मृतदेह छावणीच्याच रानात, गळ्यात दोर, हात बांधलेल्या अवस्थेत सापडला. कुणावरही खटला झाला नाही. छावणीबाहेरच्या पापाची एवढी चर्चा झाली, छावणीतल्या या खुनाची त्याच्या शतांशाने झाली नाही.

सैन्याच्या हातात काय होतं? पहिलं हत्यार मनाईहुकुमाचं. कमांडर एखाद्या दारूखान्याच्या नावावर किंवा अख्ख्या वस्तीवर फुली मारू शकतो, लष्करी पोलीस उभे करू शकतो, सापडलेल्या जवानाला शिक्षा देऊ शकतो. पण दुकानाला टाळं लावू शकत नाही. मालक नागरिक, आणि नागरिकावर लष्करी पोलिसाची सत्ता शून्य. पुलावर पहारा लावावा तर जॉर्जियाच्या शेरीफला, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाला, पलीकडे अधिकार नाही आणि अलाबामाचा शेरीफ त्या अड्ड्यांचाच मिंधा. फुली मारलेल्या बारचा मालक पाटी बदलून शेजारच्या गाळ्यात दुकान थाटू शके. शिवाय मनाई फार कडक केली की कोलंबसचे व्यापारी कुरकुरत, कारण फिनिक्स सिटीला जाणारा जवान जाता-येता कोलंबसमध्येही जेवत होता, दाढी करत होता, फोटो काढून घेत होता.

दुसरं हत्यार पर्यायाचं. फेब्रुवारी १९४१ मध्ये सहा धर्मादाय संस्थांनी मिळून यूएसओ उभी केली: गाणी, नाच, कॉफी, पत्र लिहायला टेबल, गप्पा मारायला गावातल्या मुली, वर लक्ष ठेवायला त्यांच्या मावश्या. पुढे देशभर तिची तीन हजारांवर केंद्रं झाली. छावणीच्या कँटीनमध्येही सौम्य बिअर मिळे. ज्याला घरची आठवण येत होती त्याला या केंद्रांनी खरंच सावरलं. पण ज्याला घर विसरायचं होतं, त्याला मावशीच्या नजरेखालची कॉफी काय कामाची?

तिसरं हत्यार औषधाचं. गुप्तरोगाने कामावर नसलेल्या दिवसांचा पगार कापण्याचा नियम १९४४ पर्यंत होता. परिणाम अपेक्षेप्रमाणे उलटा: पोरं आजार लपवत. नियम रद्द झाला आणि त्याच सुमारास पेनिसिलिन सैन्याला भरपूर मिळू लागलं. बाजारही तसाच राहिला आणि माणसंही, तरी या आजाराची दहशत उरली नाही.

चौथं हत्यार सगळ्यात धारदार, आणि ते म्यानातच राहिलं. जुलै १९४१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘मे कायदा’ केला; हे ‘मे’ महिन्याचं नाही, अँड्र्यू मे या खासदाराचं नाव. छावणीजवळ वेश्याव्यवसाय चालतो आणि स्थानिक पोलीस तो रोखत नाहीत अशी युद्धमंत्र्यांची खात्री झाली, तर त्या टापूत तो संघराज्याचा गुन्हा ठरवायचा आणि एफबीआयला आत आणायचं. संपूर्ण युद्धात हा कायदा फक्त दोनदा लावला गेला, दोन्ही वेळा १९४२ मध्ये: टेनेसीत कॅम्प फॉरेस्टच्या परिसरात आणि नॉर्थ कॅरोलायनात फोर्ट ब्रॅगच्या परिसरात. ज्या गावाला युद्धमंत्र्यांनी स्वतः सगळ्यात पापी म्हटल्याचं सांगतात, त्या गावाला नाही.

हे विचित्र वाटतं, पण कायद्याची घडण पाहिली की कोडं सुटतं. मे कायदा जुगाराला हात लावत नव्हता, आणि फिनिक्स सिटीचा कणा जुगार होता. बायका हटवल्या असत्या तरी फासे तिथेच राहिले असते. दुसरं, हा कायदा लावणं म्हणजे त्या राज्याच्या सरकारला तुम्ही नालायक आहात असं जाहीर लिहून देणं. दक्षिणेतल्या राज्यांच्या खासदारांच्या मतांवर युद्धाचा खर्च मंजूर होत असताना ते कोण करणार? म्हणून सरकारने धमकीचा मार्ग धरला. ‘सोशल प्रोटेक्शन’ नावाचा विभाग गावोगावच्या पोलिसांना समजावत फिरे: तुम्हीच आवरा, नाहीतर आम्ही येऊ. त्याचा प्रमुख होता एलियट नेस, शिकागोत अल कपोनच्या मागे लागलेला तोच. गावांनी आवरलं म्हणजे काय केलं, तर संशयावरून बायका पकडल्या. बारमध्ये एकटी बसलेली कामगार मुलगी, जवानाला भेटायला आलेली मैत्रीण, सगळ्या तपासणीसाठी कोंडल्या. अड्ड्याचा मालक, हप्ता घेणारा फौजदार, गिऱ्हाईक यांना धक्का नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

आपल्याकडच्या इंग्रजी छावण्यांत याच्या नेमका उलटा मार्ग होता. एकोणिसाव्या शतकात तिथे गोऱ्या पलटणींसाठी लाल बाजार असत, बायकांची नोंद आणि तपासणी लष्करी डॉक्टर करत. त्यावर विलायतेत गदारोळ उठून १८८८ मध्ये पार्लमेंटने ते बंद करायला लावलं. तिथे सैन्याने बाजार स्वतःच्या अंगणात घेतला, इथे नदीपलीकडे ढकलला. तपासणीच्या टेबलावर दोन्हीकडे बाईच होती.

युद्ध संपलं. कोरियाच्या युद्धासाठी बेनिंग पुन्हा भरलं आणि पलीकडे तेच खेळ तसेच चालू. या काळात होयट शेपर्ड आणि जिमी मॅथ्यूज या भागीदारांचं नाव जुगाराच्या धंद्यात मोठं होतं. १९४६ मध्ये एका क्लबात झालेल्या खुनाच्या खटल्यात शेपर्ड निर्दोष सुटला. त्याच्या बचावाच्या वकिलांत एक होते अल्बर्ट पॅटरसन, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेले, काठी टेकत चालणारे. हेच पॅटरसन काही वर्षांत जुगारवाल्यांच्या विरोधात उभे राहिले.

बदलाची सुरुवात छावणीतून झाली नाही. ह्यू बेंटली या खेळाच्या सामानाच्या दुकानदाराने १९५१ मध्ये काही गावकऱ्यांना घेऊन रसेल बेटरमेंट असोसिएशन काढली. उत्तर लगेच आलं: १९५२ मध्ये बेंटली यांचं घर सुरुंगाने उडवलं. त्याच वर्षी मतदानावर लक्ष ठेवायला गेलेल्या कार्यकर्त्यांना भर दिवसा मारहाण झाली, पॅटरसन यांच्या कचेरीला आग लागली. मग पॅटरसन यांनी थेट राज्याच्या ॲटर्नी जनरलपदासाठी, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या पदासाठी, उभं राहायचं ठरवलं. जून १९५४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी त्यांनी निसटत्या मतांनी जिंकली, आणि त्या काळच्या अलाबामात ती जिंकणं म्हणजे पदच जिंकणं. १८ जूनच्या रात्री कचेरीजवळ, त्यांच्या गाडीपाशी त्यांना गोळ्या घातल्या.

यानंतर जे युद्धात अशक्य होतं ते काही आठवड्यांत झालं. गव्हर्नर गॉर्डन पर्सन्स यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याच्या हुकमातलं सैन्य, पाठवलं आणि २२ जुलैला लष्करी अंमल जाहीर केला. जनरल वॉल्टर हॅना यांच्या माणसांनी आधी गावच्या पोलिसांची शस्त्रं काढून घेतली, मग अड्ड्यांवर धाडी घातल्या, जुगाराची यंत्रं हातोड्याने फोडली, जाळली. बाहेरून आणलेल्या न्यायाधीशापुढे ज्युरीने ७३४ आरोप ठेवले. खुनाबद्दल शिक्षा कुणाला झाली? मुख्य उपशेरीफ अल्बर्ट फुलरला. कुंपणाने शेत खाल्लं होतं ते कोर्टाच्या कागदावर आलं. सरकारी वकील आर्च फेरेल निर्दोष सुटला. तेव्हाचा ॲटर्नी जनरल साय गॅरेट याच्यावर खटला चाललाच नाही. या बातम्यांसाठी कोलंबसच्या लेजर दैनिकाला १९५५ चं पुलित्झर मिळालं, आणि त्याच वर्षी फिनिक्स सिटीला चक्क आदर्श अमेरिकी शहराचा पुरस्कार.

फरक कशाने पडला? सैनिक तेच होते, गणवेशही तोच. पण पॅटनचे रणगाडे वॉशिंग्टनचे होते, हॅनाचे ट्रक अलाबामाचे. काठावरची हद्द त्यांना अडवत नव्हती. आणि मेलेला माणूस चार आठवड्यांत निघून जाणारा परका पोरगा नव्हता, मतदारांनी निवडलेला उमेदवार होता. युद्धाच्या वर्षांत किती जवान या गावात नागवले गेले, मार खाऊन पडले, याचा हिशोब कुणी मांडला नाही. तो मांडण्याइतके दिवस कुणी तिथे राहतच नव्हतं.

गावात साफसफाई करणाऱ्यांचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. वडिलांच्या जागी जॉन पॅटरसन ॲटर्नी जनरल झाले, १९५८ मध्ये जॉर्ज वॉलेसला हरवून गव्हर्नरपदी निवडून आले. मधल्या काळात, १९५६ मध्ये, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेला अलाबामात बंदी घालायची मागणी त्यांनीच कोर्टात केली. ती मान्य करणारे न्यायाधीश वॉल्टर जोन्स. फिनिक्स सिटीचे खटले चालवायला बाहेरून आणलेले न्यायाधीश तेच.

आणि रात्रींचं? पलीकडे अंधार झाला म्हणून जवानांनी पास परत केले नाहीत. व्हिएतनाम युद्धाच्या वर्षांत बेनिंग तिसऱ्यांदा भरलं, तेव्हा बार, नाचाचे क्लब, गोंदण्याची दुकानं आणि गहाणवटवाले कोलंबसच्या बाजूला, शहरातून छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दाटले होते. आता पूल ओलांडायचीही गरज नव्हती. त्या रस्त्याचं नाव व्हिक्टरी ड्राइव्ह.